पोराला घरी ठेवा, डबा चालू ठेवा

सलाम ताई,

आम्ही सोलापुरात विडी घरकुलाजवळ राहतो. शेजारी एक अव्वा, म्हणजे आजी, एकट्याच असतात. तेलुगू बोलतात, जन्मभर विड्या वळल्या. मुलगा भिवंडीला लूमवर आहे, वर्षभरात आलेला नाही. दीड महिन्यापूर्वी अव्वांना फुप्फुसाचा टीबी निघाला आणि गल्लीतलं कोणी त्यांच्या दाराशी जाईनासं झालं. मी दुपारी भाकरी-कालवण नेते, थोडा वेळ बसते, त्यांचे केस विंचरून देते. माझा धाकटा चार वर्षांचा आहे. तो मागेमागे येतो, त्यांच्या मांडीवर बसतो. हे कळल्यावर सासूबाईंनी माझं ताट-तांब्या वेगळा काढला. मालक टॉवेलच्या कारखान्यात आहेत. ते म्हणाले, “तुझ्या प्रभूनं सांगितलंय का, पोराला आजारी पाड म्हणून?” आता ते ड्यूटीवर गेले की मी चोरून जाते. चर्चच्या मंडळीत एक जण म्हणतात, बायबलमधलं एक्क्याण्णवावं स्तोत्र म्हणून जात जा, विश्वास असला की काही होत नाही. दुसरे म्हणतात, देवाची परीक्षा पाहू नकोस. मित्रांकरता प्राण द्यावा हे वचन मी शब्बाथशाळेत पाठ केलंय. पण रात्री पोरगं खोकलं की पोटात गोळा येतो. माझी प्रीती खोटी आहे की विश्वास कमी? जायचं बंद करू का?

— एक भगिनी, सोलापूर

ताई, सलाम.

बंद करू नका. पण आत्ता जसं जाताय तसं उद्यापासून जाऊ नका. धाकट्याला अव्वांकडे नेणं आजपासून बंद. बाकीचं सगळं सावकाश बोलू.

वचनांकडे नंतर येते. माझा जन्म वॉर्डात गेला, त्यामुळे आधी आजाराचं. टीबी हवेतून पसरतो. आजारी माणूस खोकतो, शिंकतो, मोठ्यानं बोलतो, तेव्हा जंतू हवेत येतात. बंद खोलीत ते बराच वेळ तरंगत राहतात आणि शेजारी बसलेल्याच्या श्वासातून आत जातात. ताटातून, तांब्यातून, चादरीतून, केस विंचरण्यातून टीबी होत नाही. म्हणजे सासूबाईंनी तुमचं ताट वेगळं काढलं त्यानं कुणाचंच रक्षण झालं नाही, नुसता तुमचा अपमान झाला. हे त्यांना भांडून सांगू नका. दवाखान्यातल्या सिस्टरच्या तोंडून ऐकलं तर पटेल. सुनेचं ऐकून सासूला काही पटल्याचं मी तरी फारसं पाहिलेलं नाही.

आता अव्वांच्या गोळ्या. साधा टीबी असेल, म्हणजे नेहमीच्या औषधांना दाद देणारा, तर उपचार ६ महिन्यांचा. पहिले २ महिने चार औषधं, पुढचे ४ महिने तीन. गोळ्या नीट सुरू झाल्या की साधारण दोन आठवड्यांत रोग पसरवण्याची ताकद पुष्कळ उतरते. सगळं गाडं त्या ‘नीट’वर आहे. दीड महिन्यात ताप जातो, भूक लागते, माणसाला बरं वाटतं आणि गोळ्या सुटतात. काही बायका लघवी केशरी-लाल झाली म्हणून घाबरून सोडतात. तो एका गोळीचा रंग असतो, त्यात भिण्यासारखं काही नाही. डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात, तर मात्र लगेच दवाखाना. उद्या गेलात की अव्वांना कशी आहे तब्येत असं विचारू नका. गोळ्यांचं पाकीट मागा आणि रिकामे कप्पे मोजा. २ महिने संपताना बेडक्याची पुन्हा तपासणी होते, तिला त्या गेल्याच पाहिजेत. रिक्षात शेजारी कोणी नाही म्हणून ती चुकायला नको.

बसायचं ते बाहेर. अव्वांची बाज किंवा खुर्ची दारात, उन्हात आणा. त्या तशाही आयुष्यभर मांडीवर सूप घेऊन उंबऱ्याशी बसल्या असतील, तेंदूचं पान कात्रीनं कापायला उजेड तिथेच मिळतो. आत जावंच लागलं तर दार-खिडकी सताड उघडी ठेवा. त्यांनी साधा मास्क किंवा पदर तोंडाला लावायचा, तुम्ही एन-९५ लावा. आणि पुन्हा सांगते, चार वर्षांचं मूल तिथे नको. पाच वर्षांखालच्या मुलांना संसर्ग झाला तर आजार लवकर उठतो आणि कधी कधी मेंदूच्या आवरणापर्यंत जातो. बीसीजी टोचलंय म्हणून निर्धास्त राहू नका. ती लस अशा गंभीर आजारापासून बरंच संरक्षण देते, पुरतं नाही. तो अव्वांच्या मांडीवर बसला आहे, तेव्हा त्याला तपासून घ्यायलाच हवं. आजार नसेल तर टीबी होऊ नये म्हणून द्यायच्या गोळ्या असतात, सरकारी दवाखान्यात फुकट. त्या द्यायच्या की नाही ते डॉक्टर ठरवतील. तुमचीही तपासणी त्याच दिवशी.

आणि तुमचा डबा. तो नुसता जीव लावण्याचा भाग समजू नका. अन्न कमी पडलेल्या शरीरात टीबी लवकर मूळ धरतो आणि औषध उशिरा लागू पडतं. झारखंडमध्ये टीबीच्या रुग्णांच्या घरच्यांना चांगला शिधा देऊन एक मोठा अभ्यास झाला, तो २०२३ साली प्रसिद्ध झाला. ज्या घरांत शिधा पोचला तिथे नव्यानं टीबी होण्याचं प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी भरलं. तेव्हा भाकरीबरोबर अंडं, डाळ, शेंगदाण्याची चटणी जमेल तशी जाऊ द्या. शेंगाचटणीला सोलापुरात काय तोटा! सरकारच्या निक्षय पोषण योजनेतून रुग्णाच्या खात्यात महिन्याला १००० रुपये येतात. अव्वांचं खातं जोडलंय का, ते केंद्रावर विचारा.

आता मंडळीतल्या त्या दोघांबद्दल. दोघेही शास्त्रातलंच बोलत आहेत, म्हणून तुमचा गोंधळ झाला.

एक्क्याण्णवावं स्तोत्र करोनात प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत होतं. ते म्हणावं, मीही म्हणते. पण मत्तयाच्या शुभवर्तमानात चौथ्या अध्यायात ते कोण म्हणतंय ते बघा. सैतान प्रभूला मंदिराच्या शिरोभागी उभं करतो, खाली उडी टाक म्हणतो आणि पुरावा म्हणून याच स्तोत्रातली ओळ काढतो, की दूत तुला हातांवर झेलतील. प्रभूनं उत्तर दिलं, “परमेश्वर तुझा देव ह्याची परीक्षा पाहू नकोस.” विश्वास असला की काही होत नाही म्हणणाऱ्या भाऊंना हा अध्याय पुन्हा वाचायला द्या. विश्वासू माणसांनाही टीबी होतो. आपल्या मंडळ्यांच्या स्मशानभूमींत साथीच्या रोगांनी गेलेले पाळक आणि मिशनरी काही कमी नाहीत, आणि त्यांचा विश्वास तुमच्या-माझ्याहून उणा नव्हता.

पण दुसरे भाऊ याच वचनावरून तुम्हाला घरी बसवू पाहतात, तेही मला मान्य नाही. ती उडी टाकून कुणाचं भलं होणार होतं? खाली कोणी पडलेलं नव्हतं, कोणी हाक मारत नव्हतं. धोका होता आणि टाळ्या होत्या, बस. याच प्रभूनं पुढे कुष्ठरोग्याला हात लावला. शब्दानं बरं करता आलं असतं, तरी हात लावला, कारण त्या माणसाला कित्येक वर्षांत कुणी शिवलं नव्हतं. धोका दोन्हीकडे आहे. एकीकडे समोर माणूस आहे, दुसरीकडे नाही. देवाची परीक्षा पाहणं आणि प्रीतीखातर जोखीम घेणं यांतला फरक मला एवढाच दिसतो, आणि तुमच्या समोर तर अव्वा आहेत.

प्रभूनं स्वतः जीव वाचवलाच नाही असंही नाही. योहानाच्या शुभवर्तमानात लोक दगड उचलतात तेव्हा तो लपून मंदिरातून निघून जातो, यहूदीयात जिवाला धोका आहे म्हणून काही काळ गालीलात फिरतो. प्रेषित पौलाला दिमिष्क शहरात मारायला टपले होते, तेव्हा शिष्यांनी त्याला रात्री पाटीत बसवून गावकुसावरून खाली सोडलं. त्या पाटीत बसताना आपला विश्वास कमी पडला असं त्याला वाटल्याचं कुठे लिहिलेलं नाही. आणि तुमच्या पोटातला गोळा? गेथशेमाने बागेत प्रभूनं हा प्याला टळावा अशी प्रार्थना केली, घामाघूम होऊन केली. भीती वाटणं पाप असतं तर ती रात्र शुभवर्तमानात राहिली नसती. रात्री पोरगं खोकल्यावर आईचा जीव खालीवर होणार नाही तर कुणाचा होणार?

याच पेचावर १५२७ साली जर्मनीत एक उघडं पत्र लिहिलं गेलं. विटेनबर्गला प्लेग आला होता, विद्यापीठ दुसऱ्या गावी हललं होतं, धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरनंही निघावं असा तिथल्या शासकाचा आग्रह होता. तो राहिला. बायको काथरीना गरोदर होती आणि घरातच आजारी माणसं झोपवलेली. तशात दुसऱ्या शहरातल्या पाळकांनी विचारलं, जीवघेण्या साथीत ख्रिस्ती माणसानं पळून जावं का? त्यानं दिलेलं उत्तर मोठं व्यवहारी आहे. ज्याच्यावर कुणाची जबाबदारी आहे, म्हणजे पाळक, अधिकारी, आईबाप, त्यानं सोडून जाऊ नये. आजाऱ्यांकडे बघायला पुरेशी माणसं असतील तर बाकीच्यांनी खुशाल जावं, त्यात पाप नाही. औषध घ्यावं, घर धुरी देऊन स्वच्छ करावं, गरज नसेल तिथे जाऊ नये. औषध नाकारून बेफिकीर हिंडणाऱ्यांना तो चांगलंच झापतो. पण शेजाऱ्याला माझी गरज असेल तर मी जाईन, असंही लिहितो. पाचशे वर्षांपूर्वी, जंतू कुणी पाहिलेलाही नसताना.

तुमच्या धाकट्याच्या बाबतीत मला त्याहूनही इंग्लंडमधलं ईम हे गाव आठवतं. १६६५ साली लंडनहून आलेल्या कापडातून तिथे प्लेग शिरला असं सांगतात. रोग आजूबाजूच्या गावांत जाऊ नये म्हणून पाळक विल्यम मॉम्पेसन यांनी लोकांना गावाबाहेर न पडायला राजी केलं. शेजारची गावं शिवेवर अन्न ठेवून जात, ईमचे लोक व्हिनेगरमध्ये बुडवलेली नाणी तिथे ठेवत. पाळकाची बायको कॅथरीन आजाऱ्यांची सेवा करत राहिली आणि १६६६ च्या ऑगस्टमध्ये गेली. पण गाव बंद करण्याआधी या दोघांनी आपली दोन्ही मुलं बाहेर पाठवून दिली होती. त्यांचं राहणं जेवढं ख्रिस्ती, तेवढंच मुलांना पाठवणंही, असं माझं मत आहे. मुलांना कुणी विचारलं नव्हतं आणि मुलांना ते कळण्याचं वय नव्हतं.

तुम्ही पाठ केलेल्या वचनातही “आपला प्राण” असं आहे. “आपल्या मित्रांकरता आपला प्राण द्यावा.” मुलाचा नव्हे. आईला स्वतःच्या जिवावर उदार होता येतं, लेकराच्या जिवावर उदार होण्याचा हक्क तिला नाही. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौल तर म्हणतो की जो घरच्यांची तरतूद करत नाही त्यानं विश्वास नाकारला आहे. कडक शब्द आहेत. तेव्हा मालकांचा प्रश्न तुम्हाला टोचला असला तरी त्यांनी बरोबर जागी बोट ठेवलंय. नाही, पोराला आजारी पाड असं प्रभूनं सांगितलेलं नाही. हे त्यांना तोंडानं सांगा.

ते चोरून जाणंही थांबवा. मला तुमच्या पत्रात सर्वांत जास्त खटकलं ते हे. आज तुमच्या नवऱ्याला दोन भीती आहेत, एक टीबीची आणि एक बायको काय लपवतेय याची. दुसरी तुम्ही एका संध्याकाळी संपवू शकता. ते ड्यूटीवरून आले, चहा झाला की सांगा, मी जात होते, अजूनही जाते, पोराला यापुढे नेणार नाही, त्याची तपासणी करायची आहे आणि तुम्ही बरोबर या. ते चिडतील. चिडू द्या. पण दवाखान्यात डॉक्टरांच्या समोर तुम्ही दोघं बसलात की त्यांना जे प्रश्न विचारायचेत ते विचारतील, आणि धोका नेमका किती हे त्यांना तुमच्याकडून नाही, डॉक्टरांकडून कळेल. त्यानंतरही त्यांनी चार दिवस थांब म्हटलं, तर थांबा, मात्र डबा दुसऱ्या कुणाच्या हाती पोचेल असं बघून.

म्हणून मंडळीकडे येते, आणि इथे मला थोडं रागानं लिहायचंय. तुम्ही विचारल्यावर दोघांनी वचनं दिली. तिसऱ्यानं “मंगळवारचा डबा मी नेते” असं का म्हटलं नाही? चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आपण इतक्या वेळा ऐकलेली असते की शेवट कानांवरून जातो. यरीहोच्या त्या लुटारूंच्या वाटेवर जखमी पडलेल्या माणसापाशी तो थांबला, जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर घालून त्याला उतारशाळेत नेलं. दुसऱ्या दिवशी त्यानं उतारशाळेच्या रखवालदाराला दोन दिवसांच्या मजुरीएवढे पैसे दिले, याची काळजी घे म्हणाला, जास्त लागलं तर परत येताना देईन म्हणाला आणि आपल्या कामाला गेला. सगळं आपणच करत बसला नाही. येत्या रविवारी उपासनेनंतर महिला मंडळाच्या अध्यक्षांना गाठा आणि आठवड्याचे सात दिवस सात घरांत वाटून मागा. ज्यांच्या घरात लहान मूल, गरोदर बाई किंवा मधुमेही माणूस आहे त्यांनी फक्त डबा करून द्यावा. पोचवायला धडधाकट माणसं जावीत. मंडळीला निक्षय मित्र म्हणूनही नाव नोंदवता येतं, मग रुग्णाला पोषणाचा शिधा देण्याची जबाबदारी रीतसर घेता येते. पाळकसाहेबांना १८००-११-६६६६ हा टीबीचा फुकट नंबर द्या, चौकशी त्यांना करू दे.

आपण चार हुतात्मा चौकातून रोज जातो. १२ जानेवारी १९३१ ला सोलापूरच्या चौघांना फाशी झाली, ती सगळ्या गावाला पाठ आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस इथलेच. १९३८ साली चीनला जखमी सैनिकांची सेवा करायला गेले आणि ३२ व्या वर्षी तिकडेच वारले. त्यांचं घर आता स्मारक आहे. अशा गावात वाढलेल्या माणसाला प्राण देणं म्हटलं की एकच मोठा दिवस डोळ्यांसमोर येतो. तुमच्या वाट्याला तो दिवस आलेला नाही. तुमच्या वाट्याला पुढचे साडेचार महिने आलेत, दुपारची भाकरी, गोळ्यांचं पाकीट, कंटाळा, सासूबाईंचं तोंड. करिंथकरांच्या पहिल्या पत्रात तेराव्या अध्यायात पौल म्हणतो की मी आपलं शरीर जाळायला दिलं आणि ठायी प्रीती नसली तर लाभ शून्य. म्हणजे जीव देऊनही प्रीती नसू शकते. मग जीव न देता, मास्क लावून, उघड्या दारात बसून ती पुरेपूर असू शकते, हे मानायला काय हरकत आहे?

एवढं करूनही तुम्हाला झालाच, तर? तर उपचार घ्यायचे, ६ महिने, लाज न बाळगता. फिलिप्पैकरांस पत्रात एपफ्रदीत नावाचा माणूस आहे. पौलाच्या सेवेसाठी जिवावर उदार झाला, मरणाला टेकला, मग बरा झाला. पौल त्याला इथेच मर असं म्हणत नाही. तुझ्या लोकांना तुझी काळजी लागली असेल, घरी जा, म्हणून परत पाठवतो आणि मंडळीला सांगतो, अशांचा मान राखा. तुमच्यावर तशी पाळी आली तर घरी बसायला अपराधी वाटून घेऊ नका.

राहिला अव्वांचा मुलगा. त्याचा नंबर मिळवा आणि फोन करा. का येत नाहीस म्हणून झाडू नका, भिवंडीत लूमवर खाडा पडला की मजुरी जाते हे त्यालाच माहीत. त्याला एवढंच मागा की रोज संध्याकाळी आईला फोन करून आजची गोळी घेतली का ते तेलुगूत विचार. हे काम तुमच्यापेक्षा त्याला चांगलं जमेल. आणि धाकट्याच्या तपासणीला उशीर करू नका. सोमवारी मालकांची पाळी दुपारची असेल तर सकाळीच जाऊन या.